पोलोचा एअर इनटेक अंबडमध्ये बनवून घेतला, त्याचा हिशोब

आधी पैशाचं सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. इनटेक म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा पाइप आणि फिल्टर. त्याचं तयार किट मागवलं होतं, त्याचे ३,८०० पाण्यात गेले. मग नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइप आणि फिल्टरची पेटी बनवून घेतली, त्याचे ९,७००. त्या पेटीत शेवटी जो फिल्टर बसला तो टेम्पोचा, साधा कागदी, ४८० रुपयांचा. आणि या सगळ्या उद्योगात सर्वांत कामाची वस्तू कोणती ठरली, तर ठिबक सिंचनाची बारीक नळी, मायक्रोट्यूब. ती माझ्या शेडमध्ये फुकट लोळत होती.

गाडी २०२० सालची पोलो, एक लिटर टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. तीन सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. तेव्हापासून घरात तिला कोणी जुनी गाडी म्हटलं की मी जेवणावरून उठतो, असा बायकोचा आरोप आहे. राहायला मखमलाबादला, द्राक्षाची बाग मातोरीच्या अंगाला. म्हणजे दिवसातून दोन वेळा दीड किलोमीटर कच्चा रस्ता, पुढे ट्रॅक्टर असला तर त्याची सगळी धूळ आपल्या बॉनेटवर. शहराकडे वळावं तर २०२७च्या सिंहस्थासाठी जिकडेतिकडे खणून ठेवलेलं. नाशिकची हवा चांगली म्हणून आपण पाहुण्यांपुढे मिरवतो. त्या हवेत माती किती असते ते मात्र एअर फिल्टरची पेटी उघडल्यावर दिसतं.

इनटेकचं खूळ पुतण्याचं. तो इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मित्राच्या गाडीला असलं किट लावलंय आणि रेस सोडली की ती ‘फुस्स’ करते. “काका, टर्बो गाडीला श्वासच नीट घेता येत नाही कंपनीच्या पाइपातून. मोठा पाइप टाका, गाडी पळते का नाही बघा.” मी म्हटलं, बघू. मलाही आतून तो आवाज हवाच होता, उगाच त्याच्यावर ढकलत नाही.

पहिलं किट ऑनलाइन मागवलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पाकीट फोडल्यावर परत घेत नाही एवढंच त्यानं शेवटपर्यंत सांगितलं. चकचकीत ७६ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप, निळे रबरी जोड, टोकाला शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर. डब्यावर ‘सहा पीएस जास्त’ असं छापलेलं. पाइपात बोट घातलं तर वेल्डिंगचे मणी आतल्या बाजूला तसेच. एक मणी नखानं निघाला. हा मणी टर्बोत गेला असता तर? आतलं चाक मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेत असतं, त्याच्या पात्याला तांदळाएवढा कण पुरतो. पाइप घासूनपुसून घेतला आणि बसवला. आवाज पहिल्याच दिवशी आला. पुतण्या खूश, गल्लीतली पोरं खूश, शेजारचे नाना सोडून सगळे खूश.

मला मात्र चैन पडेना. गाडी खरंच जास्त पळते का, का नुसती ओरडते?

ज्याच्याकडे ठिबक आहे त्याला पुढचं लगेच कळेल. सँड फिल्टरच्या अलीकडे एक प्रेशर मीटर असतो, पलीकडे एक. दोन्ही काट्यांतला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की बॅकवॉश मारायचा. फिल्टर चोंदलाय का, हे त्याच्याकडे टक लावून बघत बसून कळत नाही, फरकावरून कळतं. नव्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरलासुद्धा फिल्टर चोंदल्याचं दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो. मोटारीला तसं काही दिसलं नाही, म्हणून मी ते घरी केलं.

कंपनीच्या फिल्टर बॉक्सच्या झाकणाला, फिल्टरच्या पलीकडच्या म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला, बारीक भोक पाडलं. त्यात ठिबकचं ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, दाबलं, मायक्रोट्यूब घातली आणि बॉनेटच्या फटीतून, डाव्या खिडकीतून आत आणली. आत एका फळीवर गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून ठोकली, मधे पोराची मोजपट्टी. निम्म्यापर्यंत पाणी आणि पातळी दिसावी म्हणून चिमूटभर हळद. यूचं एक टोक मायक्रोट्यूबला, दुसरं उघडं. इंजिननं हवा ओढली की एका बाजूचं पाणी चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे फिल्टर आणि त्याच्या अलीकडचा रस्ता मिळून किती अडवतात त्याचं माप. कोणी करून बघणार असेल तर फळी मीटरभर उंच घ्या. फरक पाव मीटरच्या आसपासच येतो, पण नळी आखूड असेल तर हळदीचं पाणी थेट इंजिनात जाईल आणि मग माझ्या नावानं शिमगा कराल.

मोजायला रविवारी पहाटे विल्होळीच्या पुढे महामार्गावर गेलो. मी चालवायला, मेहुणा फळी मांडीवर घेऊन, पुतण्या मागच्या सीटवर वहीत लिहायला. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून पूर्ण रेस, ५,००० पर्यंत. प्रत्येक वेळी तीनदा. पहिल्या फेरीला मेहुणा ओरडला, “दाजी, थांबा, पाणी वर चाललंय!” म्हटलं, ते वर जावं म्हणूनच आणलंय तुला. काटेकोर प्रयोगशाळा नव्हे, पण आकडे तीनही वेळा पाच-दहा मिलिमीटरच्या आत जुळले, त्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही.

कंपनीचा बॉक्स आणि अठरा हजार किलोमीटर चाललेला, मातीनं भरलेला कागदी फिल्टर: २६० मिलिमीटर पाणी. तोच बॉक्स, नवा कागदी फिल्टर: १९०. ऑनलाइन आलेलं किट, त्याच्या पाइपाला तसंच ग्रोमेट लावून: ९०.

पुतण्यानं तिथेच टाळी वाजवली. निम्म्याहून कमी! मी म्हटलं, थांब जरा. आपल्या डोक्यावरची हवा समुद्रकाठी सुमारे १०.३ मीटर पाण्याएवढा दाब देते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, इथं तो साडेनऊ मीटरच्या थोडा वर भरतो. म्हणजे साडेनऊ हजार मिलिमीटरमधले आपण शंभर वाचवले. एक टक्का. आणि मळलेला काढून नुसता नवा कागदी फिल्टर टाकला तरी सत्तर वाचतात, कारण २६० वरून १९० वर यायला किट लागलं नाही, काही शे रुपये लागले.

तो एक टक्काही सगळा चाकापर्यंत पोचत नाही. टर्बो नसलेल्या गाडीत पाइपात जेवढं अडतं तेवढं इंजिनला कमी पडतं, हिशोब सरळ. टर्बो गाडीत कंप्युटरनं ठरवलेलं असतं की इंजिनच्या तोंडाशी अमुक इतका दाब हवा. अलीकडे थोडं जास्त अडलं तर तो टर्बोला थोडं जास्त पळवतो आणि दाब भरून काढतो. म्हणून रस्ता मोकळा केल्यावर टर्बोचे कष्ट वाचतात, पण रीमॅप केल्याशिवाय, म्हणजे कंप्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलल्याशिवाय, ताकद तिथल्या तिथेच राहते. आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० पण मोजलं. कंपनीचा बॉक्स नव्या फिल्टरसह ५.६, ५.५, ५.७ सेकंद. किट ५.५, ५.६, ५.५. एवढा फरक पुतण्याच्या अंगठ्यातच असेल. सहा पीएस कुठे गेले ते डब्यावर छापणाऱ्याला माहीत.

त्यानंतर मी ग्रीसची परीक्षा घेतली, ही जुन्या ट्रॅक्टर मेकॅनिकनं शिकवलेली. फिल्टरच्या पलीकडे पाइपात आतून बोटानं ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा, गोळा राहता कामा नये. काही शे किलोमीटर चालवून तेच ग्रीस बोटावर घेऊन चोळायचं. लाल शंकूचा फिल्टर लावून सहाशे किलोमीटरनं चोळलं तर बोटांत कचकच. मातोरीची काळी माती मी ओळखतो, तीच होती. नव्वद मिलिमीटरचं रहस्य हेच की जाळी मोकळी होती, हवेला आणि धुळीलाही. ते किट त्याच दिवशी उतरवलं. सध्या कोंबड्यांच्या खुराड्याजवळ आहे.

इथं खरं तर गप्प बसायला हवं होतं. नवा कागदी फिल्टर टाकून विषय संपत होता, आणि ज्याला फक्त गाडी नीट चालायला हवी त्याला मी तेच सांगेन. पण आवाजाची चटक लागली होती. शिवाय डोक्यात एक गणित बसलं होतं: फिल्टर कागदाचाच ठेवायचा, पण कागदाचं क्षेत्रफळ वाढवायचं. ठिबकला दोन इंचाचा फिल्टर कमी पडला की आपण जाळी मोकळी करत नाही, तीन इंचाचा बसवतो. इथं वेगळं काय?

अंबडचा पत्ता द्राक्षपेटीच्या पॅकहाउसवाल्यानं दिला. मिस्त्री साठीच्या घरातले, पूर्वी सातपूरला टूलरूममध्ये होते, आता मुलाबरोबर छोटा गाळा आहे. एक टीग वेल्डिंगचं मशिन, एक बेंडिंगचं, पत्रा कापायची कातर. दिवसभर कंपन्यांचं जॉबवर्क, असली हौशी कामं संध्याकाळी सहानंतर. त्यांनीच बजावलंय की नाव टाकू नका, पोरं बुलेटचे सायलेन्सर घेऊन येतात. म्हणून टाकत नाही.

त्यांनी बॉनेट उघडून पहिली पाच मिनिटं काहीच बोलणं केलं नाही. मग विचारलं, “शेठ, किती इंची म्हणता?” मी म्हटलं ७६ मिलिमीटर. त्यांनी व्हर्निअर काढलं, टर्बोच्या तोंडाकडे जाणाऱ्या कोपराचं माप घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मास्तर पाढा चुकलेल्या पोराकडे बघतात. “पुढं तोंड एवढंसं. मागं नऊवारी कशाला नेसवायची?” शेवटी ६३ मिलिमीटर ठरलं. घरी येऊन मी हिशोब केला. पूर्ण ताकदीला ही मोटर मिनिटाला साडेचार हजार लिटरच्या आसपास हवा ओढत असणार. ६३च्या पाइपातून ती ताशी ८५-९० किलोमीटरनं जाते, ७६ मधून साठनं. या वेगांना सरळ पाइपात फार काही अडत नाही. अडतं ते काटकोनी वळणावर आणि फिल्टरमध्ये. मिस्त्रींनी आकडेमोड न करता तेच सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र इथं माझ्या बाजूनं होती. या इंजिनात आत येणाऱ्या हवेचं वजन मोजणारा सेन्सर पाइपात नाही, कंप्युटर दाब आणि तापमानावरून हवा काढतो. ज्या गाड्यांत फिल्टरच्या लगेच पुढे एअर मास सेन्सर असतो, आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत तो असतोच, तिथं पाइपाचा व्यास मनासारखा बदलायचा नाही. सेन्सर ज्या भोकात बसतो त्याचं माप बदललं की त्याचं वाचन चुकतं, आणि मग इंजिनचा दिवा लागतो किंवा गाडी धूर काढते. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी बघा, मग मिस्त्रीकडे जा.

पेटीचा साचा आम्ही द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्याचा केला. दोन रविवार त्यातच गेले. बॉनेट बंद होतंय का, बॅटरी काढता येते का, वायरिंगला घासतंय का. पुठ्ठा पटल्यावर मिस्त्रींनी दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्याची पेटी वाकवली, वरच्या कडेला दाराचं रबरी बीडिंग लावलं, म्हणजे बॉनेट पडल्यावर पेटी वरून बंद होते आणि इंजिनची गरम हवा आत येत नाही. थंड हवा मूळच्याच वाटेनं, समोरच्या जाळीमागच्या कंपनीच्या नळातून. पाइपाच्या दोन्ही टोकांना बाहेरून कडा उठवल्या, जोड निसटू नये म्हणून. टर्बोच्या तोंडाचं प्लास्टिकचं कोपर कंपनीचंच ठेवलं आणि इंजिनच्या ब्रीदरची, म्हणजे आतली तेलाची वाफ परत ओढून घेणाऱ्या नळीची, जोडणी जिथं होती तिथंच राहू दिली. ती काढून मोकळी सोडणारे महाभाग आहेत, तेलाची वाफ बॉनेटखाली आणि वास गाडीत.

वेल्डिंग सुरेख. आतून बोट फिरवलं, एक मणी नाही. तरी मिस्त्रींनी पाइप पाण्याच्या जेटनं धुतला, सुतळीला चिंधी बांधून चार वेळा आरपार ओढली. “लोखंड असतं तर चुंबक फिरवलं असतं. याला चुंबक लागत नाही, मग चिंधीच.” चौथी चिंधी पांढरी निघाली तेव्हाच पाइप माझ्या हातात दिला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देतो.

फिल्टर शोधायला द्वारका परिसरातली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. हवा होता तो गोल, डब्यासारखा, एक टोक पत्र्यानं बंद आणि दुसऱ्या टोकाला ६३च्या पाइपावर चढेल असं रबर. पुतण्याचा हट्ट के अँड एन कंपनीच्या फिल्टरचा होता, तेल लावलेला सुती, धुऊन परत वापरायचा. वस्तू नावाजलेली आहे, माझी तक्रार नाही. पण धुवायचा, सावलीत वाळवायचा, बेतानं तेल लावायचं, हे द्राक्षाच्या गोडी (ऑक्टोबरच्या) छाटणीनंतर फवारण्यांच्या घाईत मी करणार नाही हे मला माहीत आहे. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ, म्हणजे तेलाच्या वाटीचा फिल्टर, होता, वाटीतलं तेल बदलायचं वडील विसरले की खाली खीर साचायची. त्यामुळे आपला कागद बरा. मळला की फेकला. टेम्पोचा एक फिल्टर बरोबर बसला. घडीचा कागद उलगडून मोजला नाही, पण नुसत्या नजरेला कंपनीच्या चपट्या फिल्टरच्या दुप्पट तरी असावा.

मिस्त्रींनी सांगितले चार दिवस, लागले अकरा. दर वेळी फोन केला की “आज कोटिंगला टाकतो.” सांगितले ८,५००, झाले ९,७००. हिशोब त्यांनी वहीच्या पानावर दिला: पाइप आणि वळणं १,९००, वेल्डिंग १,४००, पेटी २,६००, सिलिकॉनचे दोन जोड आणि चार टी-बोल्ट क्लॅम्प २,२००, काळं पावडर कोटिंग ६००, बसवणावळ १,०००. जास्तीचे क्लॅम्पमध्ये गेले, साध्या जुबली क्लिपा मला नको होत्या, त्या सिलिकॉनला कापतात. त्यामुळे रकमेबद्दल कुरकुर नाही. दिवसांबद्दल आहे.

आणि एक खरी चूक झाली, ती सांगायलाच हवी. पेटी बॉडीला बोल्टनं घट्ट, पाइप इंजिनला घट्ट आणि मधे सिलिकॉनचा सरळ, आखूड जोड. तीन सिलिंडरचं इंजिन आपल्या माउंटवर चांगलंच हलतं, सुरू करताना आणि बंद करताना तर ते अंग झटकतं. नऊशे किलोमीटरनंतर पेठ रोडनं येताना आवाज बदलल्यासारखा वाटला. घरी येऊन पाहिलं तर जोड एका बाजूनं सरकून बोटभर फट. गाडी मात्र नेहमीसारखी पळत होती, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. एअर मास सेन्सरवाली गाडी अशा फटीवर बहुधा बोंब ठोकते, कारण न मोजलेली हवा आत जाते. माझ्या गाडीला कळलंच नाही. किती दिवस ती बिनगाळलेली धूळ ओढत होती, देव जाणे. मिस्त्रींना दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मधे फुगा असलेला लवचीक जोड टाकला, पेटीखाली रबरी बुशिंग दिली, पैसे घेतले नाहीत. पण हे पहिल्याच वेळी व्हायला हवं होतं, आणि विचारायला मलाही सुचायला हवं होतं. तुम्ही करून घेणार असाल तर हा पहिला प्रश्न विचारा: इंजिन हललं तर कुठं लवणार?

पुन्हा विल्होळी, पुन्हा फळी. नवी पेटी, गोल कागदी फिल्टर: १२० मिलिमीटर. म्हणजे लाल शंकूपेक्षा तीस जास्त आणि कंपनीच्या नव्या फिल्टरपेक्षा सत्तर कमी. ग्रीस हजार किलोमीटरनंतर स्वच्छ, बोटांत लोण्यासारखं. ४० ते ८० चे आकडे लिहीत नाही, तेच आहेत.

उष्णतेचं मोजमाप मी मल्टिमीटरच्या तापमानाच्या वायरीनं केलं, टोक फिल्टरच्या शेजारी चिकटवून. मुंबई नाक्याला दुपारच्या गर्दीत, बाहेर ३६ अंश असताना, उघडा शंकू ६३ अंशांची हवा घेत होता. नव्या पेटीत ४६. रस्ता मोकळा झाला की पेटीत दोन-तीन मिनिटांत ४० वर येतं, उघड्या शंकूला बराच वेळ लागायचा. दहा अंशांनी हवा तापली की साधारण तीन टक्के विरळ होते. आता याची तुलना त्या एका टक्क्याशी करा. या इंजिनात हवा थंड करायला पाण्यावर चालणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे, तो बरंच सावरून घेतो, त्यामुळे गाडी लगेच मरगळते असं नाही. पण ‘कोल्ड एअर’ असं लिहिलेलं किट घेऊन इंजिनची वाफ पाजायची, याला काय म्हणावं. पैसे थोडेच असतील तर पाइप कंपनीचा राहू द्या आणि पेटी नीट करा.

फिल्टर खाली फॉग लॅम्पजवळ नेला तर आणखी थंड हवा मिळते, असं पुतण्यानं सुचवलं होतं. त्यावर मात्र मी चर्चासुद्धा केली नाही. गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का छातीला, यावर पूर मोजतो. त्या दिवसांत शहरातल्या सखल रस्त्यांवर चाकभर पाणी सहज असतं. खाली लावलेला फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. मग अंबडचा मिस्त्री नाही, इंजिन उतरवणारा शोधावा लागतो.

मायलेज टाकी फुल ते टाकी फुल पाहिलं. आधी १६.२, आता १६.१. हा फरक आवाज ऐकण्यासाठी जास्त दाबलेल्या रेसचा असावा. आवाज मात्र खरंच आवडला. लाल शंकूसारखा उघडाबोडका नाही. शांत चालवली तर घरच्यांना कळतही नाही. कंपनीच्या पेटीतल्या आवाज दाबणाऱ्या पोकळ्या गेल्यामुळे अडीच हजार फेऱ्यांच्या पुढे पंपाच्या फुटव्हॉल्वनं पाणी धरावं तसा घशातून एक हुंकार येतो, आणि गिअर बदलताना रेस सोडली की बारीक सुस्कारा. कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना काच खाली करून मी तो ऐकतो. नऊ हजार सातशेचे पैसे तिथं वसूल होतात, दुसरीकडे कुठंच नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यानं बॉनेट उघडून भुवया उंचावल्या, पण वॉरंटी संपलेलीच होती. ज्यांची चालू आहे त्यांनी थांबावं. मूळचा बॉक्स मी फेकला नाही, झाकणाच्या भोकाला ठिबकचं बूच मारून माळ्यावर ठेवलाय.

फिल्टर आता वर्षातून दोनदा बदलतो, एप्रिलच्या खरड छाटणीला एक, गोडी छाटणीला एक. त्याआधी फळी लावून बघतो. १२० चे १६० झाले की झालं. कॉम्प्रेसरनं फुंकून परत बसवणारे मेकॅनिक असतात, त्यांना हात लावू देत नाही. बाहेरून दाबानं फुंकला तर धूळ कागदात आणखी रुतते, कधी कागदच फाटतो.

परवा मिस्त्रींचा फोन आला. कुणी थारवाला आलाय, त्याला स्नॉर्केल, म्हणजे छताजवळून हवा घेणारा उंच पाइप, करून हवंय आणि किती मोठा करायचा यावर दोघांची जुंपली आहे. “शेठ, तुमची ती पाण्याची फळी दोन दिवस मिळंल का?” दिली पाठवून मेहुण्याबरोबर. चार दिवस म्हणाले असते तर अकरा दिवसांनी आली असती, दोन म्हणालेत, बघू कधी येते.